एक पाय खाली सोडून बसलेली देवी

माझा धाकटा भाऊ परदेशात पिठलं करतो. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, म्हणजे नेमकं काय करतो? तर मराठी माणसं आता घोळक्याने परदेश पाहायला जातात, आणि तिथे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना वरण-भातावाचून कसंनुसं व्हायला लागतं. म्हणून सहली नेणारे लोक आपला आचारीही बरोबर नेतात. माझा भाऊ हा असा आचारी. त्याने व्हिएतनाममध्ये झुणका केला आहे, काठमांडूत मसालेभात केला आहे, आणि जपानात एका हॉटेलच्या मागच्या अंगणात भरताची वांगी भाजून आगीचा बंब बोलावण्यापर्यंत वेळ आणली आहे.

मी मात्र दिग्रसजवळच्या आमच्या बंजारा तांड्यातच असतो. कापूस, सोयाबीन, तूर, दोन बैल, एक बायको आणि याडी. याडी म्हणजे आई. आमची बोली गोरमाटी, घरात आम्ही तीच बोलतो. पण ती इथे जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याची पंचाईत होईल, म्हणून घरातलं बोलणं मी आमच्या भागातल्या वऱ्हाडीत सांगतो. याडी वऱ्हाडीही झकास बोलते, विशेषतः भांडायचं असलं की.

आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. कुठल्या पिढीत कोण कुठे जन्मलं आणि कुठे पुरलं गेलं याचा काही पत्ता नाही. माझा आजा आमच्या घरातला पहिला माणूस, जो एका जागी बसला आणि ज्याने विहीर खणली. याडीला याचा फार अभिमान. हिंडणं ही आमच्या रक्तातली खोड आहे, ती मोडायला दोन पिढ्या लागल्या, आणि धाकट्याने ती एका पासपोर्टवर परत आणली, असं तिचं म्हणणं. तो प्रत्येक सहलीहून परत येतो हे तिला दिसतं. पण एखाद्या वेळी येणार नाही, ही धास्ती तिच्या मनातून जात नाही. तो विमानात बसला की ती जेवायला बसताना त्याच्या नावाचा घास बाजूला काढते, आणि तो उतरल्याचा फोन आला की तोच घास मला वाढते.

धाकट्यालाही ही धास्ती ठाऊक आहे. म्हणून तो प्रत्येक वेळी याडीसाठी एक देवी घेऊन येतो. दुसऱ्या कोणी साडी आणली असती. याने देव्या आणल्या. आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. मला या देव्यांचा राग यायचा. बारा महिने घरी मी. याडीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणणारा मी. गोळ्यांपुढे कोणी हात जोडत नाही. तो आठ दिवसांसाठी येणार, पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढणार, आणि याडीच्या डोळ्यांत पाणी.

पहिली देवी व्हिएतनामहून आली. पांढऱ्याशुभ्र चिनीमातीची, हातभर उंच. अंगावर पांढरं वस्त्र, डोक्यावरून पांढरा पदर, हातात लहानशी सुरई. याडीने तिला मांडीवर घेतलं, खालीवर पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं की हिचं कोण गेलं. धाकट्याने समजावलं की ही विधवा नाही, तिकडची मोठी देवी आहे. संकटात हाक मारली तर ती ऐकते. कोळीही तिला मानतात, बाजारात बसणाऱ्या बायकाही मानतात. याडीने हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी कपडे शिवायला घेतले. आमच्या बायका घालतात तसाच लाल फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, आणि वर आरसे लावलेली कांचळी. पंधरा दिवसांत ती देवी तांड्यातल्या लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली.

मग याडीने तिला शेंदूर लावला. आमच्याकडे शेंदूर आणि तेल लावल्याशिवाय देवीला देवीपण येत नाही. पण चिनीमातीवर शेंदूर बसतो थोडाच? सकाळी लावला की दुपारपर्यंत ओघळून पायाशी. याडी पुन्हा लावायची, तो पुन्हा ओघळायचा. तीन दिवस हे चाललं. शेवटी माझी बायको म्हणाली की तिला नको असेल. याडीने विचार केला आणि कपाळावर नखाएवढा ठिपका ठेवून बाकीचा पुसून काढला. देवी गोरी आहे, तिकडची आहे, एवढं चालवून घेऊ, असा एकूण निवाडा झाला.

दुसरी जपानची. लाकडाची, काळसर, आणि तिला हात इतके की माझ्या बायकोने चार वेळा मोजले आणि चारही वेळा वेगळा आकडा आला. एका हातात कमळ, एकात माळ, एकात कुऱ्हाड, एकात तलवार, एकात काय आहे ते कोणालाच कळेना. इथे भोगाचा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडे देवीला भोग लावतात, म्हणजे निखाऱ्यावर तूप आणि गुळाची लापसी सोडतात. पण काही देव्यांना लापसी पुरत नाही, त्यांना बकरं लागतं. कोणाला काय, हे तांड्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असतं. परक्या देवीचं कसं ओळखायचं? याडीने यावर स्वतःचा नियम काढला होता. देवीच्या हातात हत्यार असेल तर बकरं, फूल किंवा भांडं असेल तर लापसी. या हिशेबाने पांढरी देवी लापसीवाली ठरली होती, सोपं होतं. हिच्या हातात मात्र दोन्ही. याडी दोन दिवस त्या मूर्तीपुढे बसून विचार करत होती. मी बकऱ्याची बाजू घेतली, कारण देवीनंतर ते खायला आम्हीच असतो. पण याडीने माझ्याकडे पाहिलं आणि दोन वाट्या लापसी वाढली. हत्यारवाल्या हातांनी समजून घ्यावं, असं तिने देवीला स्पष्ट सांगितलं.

या देव्या बुद्धाच्या आहेत, एवढं धाकट्याला माहीत होतं. त्यापुढे त्याला काही विचारलं की तो तिथल्या भाज्यांबद्दल बोलायला लागायचा. बुद्धाचं विचारायला आमच्या पंचक्रोशीत एकच माणूस, शेजारच्या गावातले निवृत्त गुरुजी. ते स्वतः बौद्ध, वाचन दांडगं, आणि माझे शाळेतले शिक्षक. मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं की बुद्धाच्या देवीची पूजा कशी करतात. गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, आमच्यात देवी नाही, आम्ही देव-देवी सोडल्या त्याला जमाना झाला, आणि तू माझा विद्यार्थी असून मला पूजा विचारतोस? मी घरच्या देव्यांचं वर्णन केलं. ते उठले आणि कपाटातून एक वही काढून सायकलवर माझ्या मागे आले. पूजा सांगणार नाही, माहिती सांगीन, असं त्यांनी उंबऱ्याबाहेर बजावलं. आत आल्यावर त्यांनी हात जोडले नाहीत. पण मूर्तीपुढे इतका वेळ वाकून उभे राहिले की याडीला ते पुरेसं वाटलं.

गुरुजींनी सांगितलं की पांढरी आणि बहुहाती, या दोघी मुळात एकच. आणि त्याहून मुळात जायचं तर ती बाईच नव्हती. आपल्या देशात तो बोधिसत्त्व होता, अवलोकितेश्वर, पुरुष. जगाचं दुःख ऐकणारा. तो इथून चीनमध्ये गेला आणि शेकडो वर्षांत तिथे बाई झाला, क्वान यिन. तिथून पुढे देशोदेशी गेली, नावं बदलली, रूपं बदलली. मला वाटलं याडी हे ऐकून भडकेल. आपण ज्याला कांचळी शिवली तो बाप्या होता हे कोणाला आवडेल? पण याडीने फक्त एवढंच विचारलं की तो इथून गेला कसा. गुरुजी म्हणाले, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर. म्हणजे ओझ्याच्या जनावरांबरोबर, वाळवंटातून, डोंगरातून.

"मंग बरोबर हाय," याडी म्हणाली. "इतकं चाललं का मानूस बदलतेच."

गुरुजींनी हे वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून ते महिन्यातून एकदा यायला लागले. अजूनही हात जोडत नाहीत, पण येताना गूळ आणतात.

खरी भानगड तिसऱ्या देवीने केली. ती काठमांडूची. पितळेची, ओंजळीत मावेल एवढी, फार देखणी. तिला हिरवी तारा म्हणतात असं गुरुजींनी सांगितलं. मूर्ती पिवळीधमक, पण नाव हिरवी. ती कमळावर बसलेली आहे. डावा पाय मांडी घालून दुमडलेला, आणि उजवा पाय कमळावरून खाली सोडलेला. आता उठते का मग उठते, अशी बसलेली.

याडीला ती पहिल्या नजरेत आवडली आणि दुसऱ्या नजरेत खटकली. दिग्रसच्या बाजारात आम्ही जिथे सामान घेतो, तिथल्या व्यापाऱ्याने तिला मागे कधीतरी सांगितलेलं होतं की घरात लक्ष्मीचा फोटो बसलेला असावा, उभा नसावा, उभी लक्ष्मी घरातून चालू लागते. याडीने त्या दिवशी घरी येऊन उभ्या लक्ष्मीचं कॅलेंडर काढून मला दिलं होतं आणि त्याची पाठ मी खताचा हिशेब लिहायला वापरली होती. आणि आता ही. पुरती उभी नाही, पुरती बसलेलीही नाही. एक पाय घरात, एक पाय बाहेर.

त्याच मुक्कामात धाकट्याने सांगितलं की त्याला जपानमध्ये एका भारतीय खानावळीत नोकरी मिळाली आहे. सहलीची नाही, कायमची. निदान तीन वर्षं तिकडेच राहायचं. पुढच्या महिन्यात निघायचं.

याडी भिंतीवरच्या देव्यांच्या फळीकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात गणित सुटलेलं आम्हाला समोर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन आलो तर पितळेच्या देवीच्या सोडलेल्या पायाला लाल दोरा बांधलेला. दोऱ्याचं दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला. आणि गाठ साधी नव्हती. बैल खुंट्याला बांधताना आम्ही जी गाठ मारतो, ओढली की अधिक घट्ट होणारी, ती होती. मला हसू आलं. पण मी हसलो नाही, कारण याडी तिथेच बसली होती आणि तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. पांढरी देवी उभी होती, म्हणून तिला खाली बसवायचा प्रयत्न झाला. ती अखंड चिनीमातीची, बसणार कशी? मग तिच्यापुढे एक वीट आडवी ठेवली. बहुहातीला काही केलं नाही. इतक्या हातांची बाई कुठे जाणार, तिला घरातच काम पुष्कळ, असं माझी बायको म्हणाली, आणि ते बोलणं देवीपेक्षा माझ्यासाठी होतं.

धाकट्याने तो दोरा दुपारी पाहिला. तो पोट धरून हसला. तो तसाच आहे, त्याला समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, फक्त फोडणी वाचता येते. हसता हसता त्याने सांगितलं की काठमांडूत ज्या कारागिराकडून ही मूर्ती घेतली, त्याने त्याला पायाचं कारण सांगितलं होतं. ही निघून जाण्यासाठी पाय सोडून बसलेली नाही. कुठे कोणी संकटात हाक मारली, तर मांडी मोडण्यात वेळ जाऊ नये, लगेच उठून धावता यावं, म्हणून तिने एक पाय आधीच खाली ठेवलेला असतो. तिबेटात, नेपाळात लोक तिला यासाठीच मानतात. बाकीचे ध्यानात बसतात, ही तयारीत बसते.

मग त्याने मूर्तीला हात लावून गाठ सोडायला घेतली. गाठ अर्थातच सुटेना, ओढली तशी आवळत गेली. याडीने त्याचा हात धरला.

"हिले हाक मारली का हे उठून येते म्हनतू," ती म्हणाली. "अन् तू?"

धाकट्याचं हसू तिथेच थांबलं. येईन ना याडी, असं तो म्हणाला, पण ते जरा उशिराने म्हणाला. आम्ही सगळ्यांनी तो उशीर ऐकला. याडीने दोरा तसाच ठेवला आणि भाकरी टाकायला उठली.

तो गेला. याडीने अडवलं नाही, रडलीही नाही. नागपूरला सोडायला मी गेलो होतो. विमानतळावर त्याने मला सांगितलं की भिया, याडीकडे लक्ष ठेव. मी इतकी वर्षं दुसरं काय करतोय, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण दाराशी बंदूकवाला शिपाई उभा होता आणि तिथे भावांनी भांडू नये असं मला वाटलं.

पुढचे काही महिने बायकोच्या फोनवर त्याचं तोंड दिसायचं. तो कामावरच्या सुट्टीत हिंडायचा आणि याडीला देवळं दाखवायचा. एकदा त्याने डोंगरावरची तीच देवी दाखवली, पांढरी, आणि इतकी उंच की तिच्या पायाशी उभी असलेली माणसं तिळाएवढी दिसत होती. याडीने विचारलं, हिला लापसी किती लागते. एकदा देवळापुढचं धुपाचं मोठं भांडं दाखवलं. म्हाताऱ्या बायका त्याचा धूर हातांनी ओढून घेत होत्या आणि दुखऱ्या गुडघ्यांवर, खांद्यांवर फिरवत होत्या. याडीने हे डोळे बारीक करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात निखाऱ्यावर ऊद, त्यापुढे याडी, आणि धुरात गुडघे. आठवड्याभरात तांड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या आपापले गुडघे घेऊन आमच्या ओसरीवर. घरात इतका धूर की गुरुजी एक दिवस दारातूनच परत गेले. गुडघ्यांना फरक पडला का, हे मी विचारलं नाही. बसायला जागा आणि बोलायला माणसं मिळाल्यावर अर्ध्या दुखण्याला तसाही फरक पडतो.

त्याच धुरात एक दिवस एक म्हातारी बोलून गेली. तिचा मुलगा पुण्यात असतो आणि दोन दिवाळ्या घरी आलेला नाही. "फोनातच दिसन आता तुहा पोट्टा," ती याडीला म्हणाली. "दाखोतेत सगळं, येत नाई कोनी." तिने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. स्वतःचं दुःख तिने याडीच्या ताटात वाढलं, एवढंच. पण याडी त्या दिवशी जेवली नाही.

तुरीची कापणी चालू होती. मी वावरातून घरी आलो तर याडी फळीपुढे बसलेली आणि हातात विळा. मला वाटलं झालं, देवी गेली. पण तिने विळ्याच्या टोकाने ती बैलाची गाठ कापली. सोडता येण्यासारखी ती राहिलीच नव्हती. मग मूर्ती हातात घेऊन तिच्याशी बोलली. जाय, त्याले घेऊन ये, एवढंच मला ऐकू आलं. देवीवर तिचा भरवसा होता. तरी तिने माझ्या बायकोला फोनही लावायला सांगितला.

तिकडून धाकट्याने हॅलो म्हटलं. याडी म्हणाली, "ये." आणि फोन बायकोच्या हातात देऊन टाकला. बायकोने घाबरून तो बंद केला.

त्यानंतर माझा फोन वाजायला लागला. धाकटा एका दमात विचारत होता. याडीला काय झालं, दवाखान्यात आहे का, खरं सांग भिया. मी याडीकडे पाहिलं. ती चुलीपुढे बसून मिरची भाजत होती आणि मिरचीचा ठसका सोडला तर तिला काहीही झालेलं नव्हतं. ती मला म्हणाली की बोलावते म्हणून सांग, दुसरं एक अक्षर सांगू नको. मी अडचणीत सापडलो. खरं सांगावं तर याडीचं मन मोडतं, खोटं सांगावं तर भावाचा जीव टांगणीला. शेवटी मी म्हणालो, "याडी बोलावून राह्यली." हे शब्द खरेच होते. आणि आता हेही खरं लिहितो, की मी त्याला धीर देऊ शकलो असतो, आणि दिला नाही. तो येतो का नाही, हे मलाही पाहायचं होतं. येऊ नये असं माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं. त्या कोपऱ्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो दिग्रसच्या स्टँडवर बसमधून उतरला. मी मोटारसायकल घेऊन उभा होतो. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगावर जाड जपानी कोट आणि पायात स्वयंपाकघरातल्या रबरी चपला. बूट घालायचे राहून गेले होते. पाठीवर एक रिकामी वाटणारी पिशवी. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच देवी न घेता आला होता. मी त्याला गाडीवर बसवलं आणि निघण्याआधी सांगून टाकलं की याडी धडधाकट आहे. अर्ध्या वाटेत माझ्या पाठीला त्याचं डोकं टेकलं आणि मला वाटलं झोपला. झोपला नव्हता.

याडी अंगणात उभी होती. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. पाणी आणून दिलं. त्याने तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "कायले बोलावलं?"

"येते का नाई ते पाहाचं होतं," याडी म्हणाली.

धाकटा भडकला. असा भडकलेला मी त्याला पाहिला नव्हता. नोकरी धोक्यात घालून आलो, विमानात दोन वेळा ओकलो, मनात तुझी तिरडी बांधून झाली, असं सगळं तो बोलला. याडीने ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. तो रागाने जेवला, पण चार भाकरी जेवला. दुसऱ्या दिवशी दिवसभर कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चूल त्याच्या ताब्यात गेली आणि त्याने याडीला तिकडचा कसलासा भात करून घातला. याडीने तो चाखला आणि मीठ मागितलं. मग दोघंही हसली, आणि घरातला ताण सैल झाला.

सहा दिवस राहिला. सातव्या दिवशी याडीनेच त्याची पिशवी भरली. तुरीची डाळ, ठेचा, आणि कागदात गुंडाळलेला शेंदूर. तिकडच्या डोंगरावरच्या देवीला लाव, तिच्या अंगावर चिकटला तर चिकटला, असं सांगितलं. तो पाया पडायला वाकला.

"पाह्यलं मी," ती म्हणाली. "आता जाय. कितीबी वर्सं ऱ्हा."

मी त्याला स्टँडवर सोडून परत आलो. याडी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. फळीवरची पितळेची देवी मोकळ्या पायाने बसली होती आणि पांढरीपुढची वीटही याडीने काढून टाकली होती. मी शेजारी बसलो. गेल्या कित्येक वर्षांचं जे काही पोटात साठलं होतं, ते त्या दिवशी तोंडातून बाहेर पडलं. मी तक्रार म्हणून बोललो नाही, निदान तसं दाखवलं नाही.

"याडी," मी म्हणालो, "त्याले बोलावून पाह्यलं. मले तं कधी बोलावून पाह्यलं नाई तू."

याडीने मान वर केली नाही. शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"तू हायस म्हनून तं त्याले जाय म्हनता आलं," ती म्हणाली.

मी पन्नाशीचा माणूस, आणि मला तिथे ओसरीवर रडू आलं. याडीने सूप जरासं माझ्याकडे सरकवलं. मीही शेंगा सोलायला लागलो, आणि अंधार पडायच्या आत आम्ही पुष्कळ सोलल्या.